थंड उजेडाचा उपेक्षित संशोधक

रबराच्या पातळ पट्टीसारखे ताणावे, पिळावे, दुमडावे आणि तरीही ज्यातून उजेड येतच राहावा, अशा पदार्थांचा शोध गेली काही दशके जगातल्या अनेक प्रयोगशाळांत सुरू आहे. कातडीला चिकटून बसणारा आणि नाडीचे ठोके जागच्या जागी उजळून दाखवणारा पडदा, घडी करून खिशात ठेवता येईल असे कापडी चित्रपट, यंत्रमानवाची रंग बदलणारी त्वचा अशी कितीतरी स्वप्ने या पदार्थांभोवती गुंफली गेली आहेत. या साऱ्यांच्या मुळाशी एकच अट आहे. उजेड हवा, पण तो पदार्थ तापवून मिळवलेला नको. विजेच्या जुन्या दिव्यातली तार अडीच हजार अंशांच्या घरात तापते, म्हणून तिच्याभोवती काच लागते आणि काचेच्या आत हवा चालत नाही. असा दिवा ताणण्याचा विचारही कोणी करणार नाही. ज्या उजेडाला वाकायचे आहे, त्याची आधी उष्णतेपासून सुटका व्हावी लागते.

अशी सुटका होऊ शकते, घन पदार्थातून वीज वाहताना तो न तापताही प्रकाशू शकतो, हे प्रयोगांनी पडताळून ज्याने प्रथम नीट मांडले, तो ओलेग व्लादिमिरोविच लोसेव्ह हा रशियन तरुण होता. त्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. हे काम सुरू केले तेव्हा तो अवघ्या विशीत होता आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी, वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये, तो उपासमारीने मेला.

लोसेव्हचा जन्म १० मे १९०३ रोजी व्होल्गाकाठच्या त्वेर या शहरात झाला. घराणे उमरावांपैकी, पण श्रीमंती नव्हती. वडील झारच्या सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या स्थानिक कारखान्याच्या कचेरीत ते नोकरी करीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात दोस्त राष्ट्रांकडून येणारे बिनतारी संदेश टिपण्यासाठी त्वेरमध्ये एक लष्करी केंद्र उभारले गेले होते. त्या केंद्राचे प्रमुख लेश्चिन्स्की यांचे बिनतारी संदेशवहनावरील जाहीर व्याख्यान शाळकरी ओलेगने ऐकले आणि त्या दिवसापासून या मुलाला दुसरे काही सुचेना. केंद्रात त्याची ये-जा सुरू झाली. तिथेच मिखाईल बोंच-ब्रुयेविच यांच्याशी त्याची ओळख झाली. बाहेरून येणाऱ्या महागड्या व्हॉल्व्हना पर्याय म्हणून हे गृहस्थ केंद्रातच स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह बनवीत असत.

क्रांतीनंतर १९१८ साली बोंच-ब्रुयेविच आणि त्यांचे सहकारी निझनी नोव्हगोरोदला गेले आणि तिथे रशियातली पहिली मोठी रेडिओ प्रयोगशाळा आकाराला आली. शाळा संपताच, १९२० साली, लोसेव्हही तिथे पोचला. त्याला मिळालेले काम होते निरोप्याचे. राहायला जागा नव्हती, म्हणून प्रयोगशाळेच्या इमारतीतच, माळ्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या वरच्या चौकात त्याने पथारी टाकली. ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ लेबेदिन्स्की यांनी त्याच्यातली चुणूक हेरली आणि त्याला हाताशी धरले. लोसेव्हचे उच्च शिक्षण म्हणायचे तर ते हेच. औपचारिक पदवीचा रस्ता त्याला पुढेही मिळाला नाही. उमराव घराण्यातला जन्म ही त्या काळच्या रशियात मिरवण्याजोगी गोष्ट नव्हती, हेही लक्षात घ्यावे लागते.

ही प्रयोगशाळा व्हॉल्व्हसाठी प्रसिद्ध होती. लोसेव्हने मात्र स्फटिक हाती घेतले, तेही सगळे जग स्फटिकांकडे पाठ फिरवत असताना. रेडिओच्या आरंभीच्या काळात लहरी ओळखण्याचे काम गॅलेनासारख्या खनिजाच्या खड्यावर बारीक तारेचे टोक टेकवून केले जाई. आपल्याकडील जगदीशचंद्र बोस यांना गॅलेनाच्या अशाच डिटेक्टरचे अमेरिकी पेटंट १९०४ साली मिळाले होते. पण खडा लहर नुसती ओळखतो, तिला बळ देत नाही. बळ देण्याचे काम व्हॉल्व्ह करू लागल्यावर खड्याचे दिवस संपले, असे सर्वांनी धरून चालले होते.

जानेवारी १९२२ मध्ये लोसेव्हने जस्ताच्या झिंकाइट या खनिजावर सुई टेकवून, तिला थोडा विद्युतदाब देऊन पाहिले. खड्यावरच्या काही मोजक्या जागी त्याला विचित्र वर्तन आढळले. विद्युतदाब वाढवला की प्रवाह वाढायचा, हा नेहमीचा नियम. या जागी मात्र एका टप्प्यात दाब वाढवला की प्रवाह उलट कमी होई. याला ऋण रोध म्हणतात. असा रोध मंडलात जोडला की तो इतर भागांतली ऊर्जेची गळती भरून काढतो आणि मंडल स्वतः दोलायमान होऊ लागते. थोडक्यात, जे काम फक्त व्हॉल्व्हचे समजले जात होते, म्हणजे लहरींचे वर्धन आणि निर्मिती, ते आता खनिजाचा एक खडा करू लागला. लोसेव्हला तेव्हा एकोणिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

या खड्यावर चालणाऱ्या रेडिओला क्रिस्टाडिन असे नाव पडले. त्याला लहानशी बॅटरी पुरत असे. व्हॉल्व्हची तार तापवण्यासाठी लागणारी वीज वाचे. बातमी रशियाबाहेर गेली. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या रेडिओ न्यूज या मासिकाने सप्टेंबर १९२४ च्या अंकात या शोधाची मोठ्या गाजावाजाने दखल घेतली. विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार ज्यांच्या नावाने दिला जातो, तेच हे गर्न्सबॅक. एकविसाव्या वर्षी लोसेव्हचे नाव जगभरच्या रेडिओवेड्यांच्या तोंडी झाले.

हे यश मात्र टिकले नाही. चांगला झिंकाइट मिळणे दुर्मीळ होते. त्याचे नाव घ्यावे असे साठे अमेरिकेत, न्यू जर्सीतील फ्रँकलिनच्या खाणींत होते. लोसेव्हने विजेच्या चापात झिंक ऑक्साइड वितळवून कृत्रिम झिंकाइट करून पाहिला, पण खड्यावरची नेमकी जागा सुईने पुन्हापुन्हा शोधत बसण्याचा जाच काही टळेना. दरम्यान व्हॉल्व्ह सुधारले, स्वस्त झाले आणि क्रिस्टाडिन मागे पडला.

लोसेव्हचे खरे मोठे काम त्याआधीच सुरू झाले होते. १९२३ साली कार्बोरंडमच्या, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या, खड्यावर सुई टेकवून प्रयोग करीत असताना सुईच्या टोकापाशी त्याला एक हिरवट-निळसर ठिपका चमकताना दिसला. कार्बोरंडम हा धार लावण्याच्या दगडात आणि घासकागदात वापरला जाणारा पदार्थ. कठीण, ठिसूळ आणि स्वस्त. त्यात उजेड असेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

असा ठिपका पाहणारा लोसेव्ह पहिला नव्हे, हे इथे सांगायला हवे. मार्कोनी यांच्या कंपनीतले इंग्रज अभियंते हेन्री जोसेफ राउंड यांनी १९०७ साली, कार्बोरंडममधून वीज सोडली असता पिवळा आणि इतर रंगांचा उजेड दिसतो, असे एका लहानशा पत्राद्वारे एका नियतकालिकाला कळवले होते. पत्र छापून आले, राउंड आपल्या कामाला लागले आणि विषय तिथेच मिटला. लोसेव्हला तोच ठिपका स्वतंत्रपणे सापडला. फरक असा की तो नोंद करून थांबला नाही. पुढची जवळजवळ दोन दशके तो त्या ठिपक्याचा पिच्छा पुरवीत राहिला.

पहिला प्रश्न साहजिकच होता, की हा उजेड तापण्यामुळे तर येत नाही ना? सुईच्या टोकाशी जागा इतकी लहान की तापमापक लावणे अशक्य. लोसेव्हने काढलेली तोड अशी होती की ती कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत करता यावी. त्याने चमकणाऱ्या खड्यावर बेंझिनचा थेंब ठेवला. बेंझिन झपाट्याने उडून जाणारे द्रव. पृष्ठभाग तापलेला असता तर थेंब आणखी लवकर उडाला असता. पण खडा चमकत असो वा नसो, थेंब उडायला तितकाच वेळ लागत होता. म्हणजे उजेड थंड होता.

मग त्याने खड्याचे सर्व अंगांनी मोजमाप सुरू केले. प्रवाह कोणत्या दिशेने वाहताना उजेड दिसतो, किती विद्युतदाबाला दिसू लागतो, त्यातले रंग कोणते, प्रवाह तोडताच तो विझतो की रेंगाळतो. त्याला दोन निरनिराळ्या प्रकारची प्रदीप्ती आढळली. एक विद्युतदाब एका दिशेने दिला असता दिसणारी, दुसरी उलट दिशेने. पुढे कित्येक वर्षांनी अर्धवाहकांचे शास्त्र उभे राहिल्यावर कळले की या दोन प्रदीप्तींची कारणे खरोखरच वेगवेगळी आहेत, आणि त्यातली एक म्हणजे आजच्या एलईडीत घडणारी क्रियाच आहे. लोसेव्हने हा भेद केवळ डोळे आणि मीटर यांच्या आधारे केला होता.

उजेड प्रवाहाबरोबर तत्क्षणी कमी-जास्त होतो हे लक्षात येताच त्याला उपयोगही सुचला. प्रकाशाच्या झपाझप उघडझाकीने तारायंत्राचे वा दूरध्वनीचे संदेश आणि चित्रे पाठवता यावीत, यासाठी त्याने प्रकाश-रिले नावाच्या साधनाचा अर्ज १९२७ साली केला आणि १९२९ साली त्याला सोव्हिएत पेटंट मिळाले. काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या लुकलुकीवर आज जे संदेशवहन चालते, त्यातली मूळ कल्पना इथे कागदावर उतरलेली आहे.

चमकणाऱ्या कार्बोरंडमवरचा त्याचा निबंध १९२७ साली रशियन भाषेत आणि १९२८ साली लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे हे काम पोलादी पडद्याआड दडून राहिले, असा बहाणा करायला जागा नाही. इंग्रजी जाणणाऱ्या कोणाही भौतिकशास्त्रज्ञाला ते वाचता आले असते. आइनस्टाइन यांच्या प्रकाशविद्युत परिणामात प्रकाश पडून इलेक्ट्रॉन मोकळे होतात. इथे त्याच्या उलट, इलेक्ट्रॉनची ऊर्जा प्रकाशाचे रूप घेते, असा पुंज सिद्धांतावर आधारलेला खुलासाही लोसेव्हने केला होता. दिशा अगदी अचूक होती.

मग दखल का घेतली गेली नाही? उपेक्षेचे खापर एकट्या सोव्हिएत व्यवस्थेवर फोडणे सोयीचे असले तरी पुरते खरे नाही. तो उजेड फार मिणमिणता होता. कार्बोरंडममध्ये विजेचे प्रकाशात रूपांतर अत्यल्प प्रमाणात होते, हा त्या पदार्थाचाच अंगभूत दोष आहे. दुसरे असे की, घन पदार्थांतील इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांचा जो सिद्धांत अर्धवाहकांना लागू पडतो, तो ए. एच. विल्सन यांनी १९३१ मध्ये मांडला. लोसेव्ह ज्याच्याविषयी लिहीत होता, त्याला अजून भाषाच नव्हती. आणि व्हॉल्व्हच्या भरभराटीच्या काळात, पदवी नसलेल्या एका तंत्रज्ञाने पाहिलेल्या ठिपक्यासाठी वेळ द्यावा असे कोणाला वाटले नाही, हेही तितकेच खरे.

१९२८ साली निझनी नोव्हगोरोदची प्रयोगशाळा गुंडाळण्यात आली आणि तिथली माणसे लेनिनग्राडच्या मध्यवर्ती रेडिओ प्रयोगशाळेत हलवली गेली. लोसेव्हही गेला. तिथे वरिष्ठांचा ओढा निराळ्या विषयांकडे होता. नामवंत भौतिकशास्त्रज्ञ अब्राम योफे यांच्यामुळे त्यांच्या संस्थेत लोसेव्हला काही काळ प्रयोग करता आले. या वर्षांत त्याने कार्बोरंडमचे खडे तिरके घासून, उघड्या पडलेल्या थरांवर बारीक सुई टोचत टोचत वीजवहन तपासले. खड्याच्या पृष्ठभागापाशी, जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा, बाकीच्या खड्याहून वेगळ्या गुणधर्माचा एक थर त्याला सापडला आणि उजेडाचा उगम तिथेच आहे हे त्याने ओळखले. दोन भिन्न अर्धवाहकांच्या सीमेवरचा हा थर पुढे साऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा पाया ठरला.

१९३७ पासून लोसेव्ह लेनिनग्राडच्या पहिल्या वैद्यकीय संस्थेत, भावी डॉक्टरांना भौतिकशास्त्र शिकवू लागला. चरितार्थाची ती सोय होती. १९३८ साली योफे यांच्या पाठिंब्यामुळे, प्रबंध सादर न करताच, आजवरच्या कामाची कदर म्हणून त्याला कँडिडेट ही आपल्या पीएच.डी.च्या तोडीची पदवी देण्यात आली. हयातीत त्याला मिळालेला एवढाच काय तो शैक्षणिक मान.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी लेनिनग्राडची नाकेबंदी केली. अनेक संस्था आधीच पूर्वेकडे हलवण्यात आल्या होत्या. लोसेव्ह शहरातच राहिला. सिलिकॉनवरचे प्रयोग चालू होते आणि वैद्यकीय संस्थेतही काम होते. आगीची सूचना आपोआप देणारी यंत्रणा, हृदयाला विजेची चालना देणारे उपकरण, जखमेत रुतलेली गोळी वा धातूचा तुकडा शोधणारे हातात मावेल असे साधन अशी युद्धाच्या गरजेची कामे त्याने याच दिवसांत केली. जखमींसाठी रक्तही दिले. २० नोव्हेंबरपासून शहरातल्या कारकुनांना आणि कामावर नसलेल्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळू लागला. त्या पावातही भेसळ होती. पाण्याचे नळ गोठले, वीज गेली. रस्त्यात माणसे कोसळू लागली. २२ जानेवारी १९४२ रोजी संस्थेच्याच रुग्णालयात लोसेव्हचा भुकेने मृत्यू झाला. त्या हिवाळ्यात लेनिनग्राडमध्ये लाखो माणसे अशीच गेली. त्यात एकाची भर पडली, एवढेच तेव्हा झाले.

सिलिकॉनच्या प्रकाशसंवेदनेवरचा त्याचा अखेरचा निबंध युद्धाच्या धामधुमीत हरवला. त्या हरवलेल्या कागदांत ट्रान्झिस्टरची कल्पना होती, असे त्याचे काही चाहते म्हणतात. कागद हाती नसताना असे दावे करण्यात अर्थ नाही. जे छापले गेले आहे तेच पुरेसे आहे: चाळीसहून अधिक निबंध आणि सोळा पेटंटे.

त्याच्या हयातीत त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य करणारा एक शास्त्रज्ञ मात्र होता, पॅरिसचा जॉर्ज देस्त्रियो. झिंक सल्फाइडची पूड एरंडेलात कालवून, तिला उलटसुलट बदलणारा विद्युतदाब दिला की ती प्रकाशते, असे त्याने १९३६ साली दाखवले आणि या प्रकाराला लोसेव्हचेच नाव देऊ केले. दोघांच्या प्रयोगांतली भौतिक क्रिया काटेकोरपणे एकच नाही. पण उजेडाला आता अखंड खड्याची गरज उरली नव्हती. पूड पुरे होती, आणि पूड कशातही मिसळता येते.

त्यानंतरची वाटचाल भराभर झाली. १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या उजेडाचा एलईडी बनवला. १९८९ मध्ये बाजारात आलेला निळा एलईडी लोसेव्हच्याच सिलिकॉन कार्बाइडचा होता. तो फार मंद असल्याने लवकरच गॅलियम नायट्राइडने त्याची जागा घेतली. १९९० साली केंब्रिजच्या संशोधकांनी प्लॅस्टिकच्या कुळातल्या एका बहुवारिकातून उजेड काढला आणि दोन वर्षांनी कॅलिफोर्नियात लवचिक पातळ चकतीवर तसा दिवा तयार झाला. वाकण्याचा प्रश्न सुटला, ताणण्याचा बाकी होता. दिव्यातला प्रत्येक थर, विशेषतः वीज नेणारा पारदर्शक थर, ताण पडताच तडकत असे.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हा अडसर वेगळ्या वाटेने दूर झाला. देस्त्रियोने वापरलेली झिंक सल्फाइडची पूडच सिलिकोन रबरात मिसळली गेली आणि दोन्ही बाजूंना धातूऐवजी क्षार मुरवलेल्या पारदर्शक जेलचे थर दिले गेले. ही चादर मूळ लांबीच्या पाचपटीहून अधिक ताणली तरी प्रकाशत राहिली. तिला फार उच्च विद्युतदाब लागतो, ही तिची मोठी उणीव. दुसरीकडे, कमी विद्युतदाबावर चालणाऱ्या प्रकाशमान बहुवारिकांनाच ताणण्याची क्षमता देण्याचे प्रयत्न सुरू आहेत. २०२३ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी मूळ लांबीच्या दुपटीपर्यंत ताणूनही चांगला उजेड देणारे असे बहुवारिक प्रसिद्ध केले.

लोसेव्हच्या देशात त्याचे निवडक लेखन पुस्तकरूपाने निघायला १९७२ साल उजाडावे लागले. निझनी नोव्हगोरोदचे त्याचे जुने सहकारी ऑस्त्रोउमोव्ह यांनी त्याचे संपादन केले. चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, अमेरिकेतील एगॉन लोबनर यांनी एलईडीचा इतिहास लिहिताना लोसेव्हचे निबंध बारकाईने तपासून त्याला त्याची जागा मिळवून दिली. तोपर्यंत एलईडी गणकयंत्रांत आणि मनगटी घड्याळांत लुकलुकू लागले होते. ताणता येणारा प्रत्येक नवा पदार्थ कातडीवर लावण्याजोगा आहे का, हे ठरवताना आजही आधी एक मोजमाप होते: उजेड देताना तो किती तापतो. लोसेव्हकडे त्यासाठी बेंझिनचा एक थेंब होता.